हातात काय होतं

उदगीरच्या बसस्टँडवर अप्पांनी मला मोबाईल दिला तो बस सुटायच्या अगदी बेतात. खोक्यातून काढलेला, कव्हर घातलेला, त्यात त्यांचा, घरचा आणि दुकानाचा नंबर आधीच टाकून ठेवलेला. खिडकीतून माझ्या हातात देताना म्हणाले, "फोन घे, पण फोनात जाऊन बसू नको." मग आजूबाजूच्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात, "लातूरला चाललीय. डॉक्टरकीच्या क्लासला!" मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आमचं अडत दुकान आहे. दिवसभर तुरीच्या पोत्यांमधून हमालांना हाका मारायची सवय, त्यामुळे अप्पांना हळू बोलणं जमतच नाही. मी लाजून पार सीटखाली जायची बाकी होते.

अव्वा खिडकीशी आली नाही. आमच्याकडे आईला अव्वा म्हणतात, कर्नाटक हाकेवर आहे ना. रडताना कुणी बघितलेलं तिला चालत नाही. घरून निघतानाच तिनं माझ्या गळ्यातली चांदीची डबी ड्रेसच्या आत नीट सारली होती आणि सांगितलं होतं, "आधी लिंग, मग पाणी. होस्टेल असू दे न्हाई तर अमेरिका."

आम्ही लिंगायत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलंय. त्या डबीत इष्टलिंग असतं. रोज आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, हात डोळ्यांसमोर धरायचा आणि त्याच्याकडे एकटक बघत मनात जप करायचा. ते झाल्याशिवाय आमच्या घरात कुणी पाण्याचा घोट घेत नाही. माझी दीक्षा झाली तेव्हा मी लहान होते. सारखी इकडंतिकडं बघायचे, हात लटलट हलायचा. अप्पा मागे बसायचे, माझा कोपर त्यांच्या तळहातावर पेलून धरायचे आणि म्हणायचे, "हात हलू द्यायचा न्हाई. जग बुडालं तरी वर बघायचं न्हाई." मोंढ्यातला आवाज तेवढ्या वेळापुरता कुठं जायचा काय की. त्यांच्या अंगाला डाळीचा आणि विभूतीचा वास यायचा.

तर असं एक सांगणं अप्पांचं आणि एक अव्वाचं, दोन्ही घेऊन मी लातूरला आले.

लातूरचं काय सांगू! तुमच्यातले जे आलेत त्यांना माहीतच आहे, आणि जे घरी राहिलेत त्यांना फक्त चौकातले फ्लेक्स माहीत आहेत. पहिली आलेली मुलगी, तिच्या तोंडात पेढा, मागे हात जोडलेले आईबाप. त्या फ्लेक्सखालून आम्ही रोज क्लासला जायचो. बॅच, टेस्ट, डाउट, परत टेस्ट. रविवार सोडून मोबाईल रेक्टर मॅडमच्या कपाटात कुलूपबंद. माझ्या रूममध्ये किनवटकडची एक मुलगी होती, रुक्मा. बिचारी पाचवीपासून आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहिलेली, त्यामुळे होस्टेलमध्ये कसं जगायचं हे मला तिनंच शिकवलं. बादली कुठं लपवायची, मेसच्या वरणात काय शोधायचं नाही, वगैरे.

मी काही साध्वी नव्हते, उगाच खोटं कशाला सांगू. रविवारी मोबाईल हातात आला की आम्ही सगळ्या त्यावर अक्षरशः तुटून पडायचो. इन्स्टावर माझं अकाउंट होतं, फोटो फुलाचा, नाव भलतंच. पण आम्ही काय बघायचो ते कुणी विचारलंय का? मी भाकरी थापायचे व्हिडिओ बघायचे. कुणाच्या तरी अव्वाचे हात, परात, पिठाचा थप थप आवाज. एक संपला की दुसरा. रुक्मा रेल्वेचे बघायची. किनवटच्या स्टेशनात गाडी शिरतानाचा एक व्हिडिओ तिनं शोधून ठेवला होता. गाडी यायची, थांबायची, निघून जायची, आणि ही मुकाट्यानं पुन्हा सुरुवातीपासून लावायची. याला व्यसन म्हणायचं तर म्हणा बापडे.

म्हणणारे होतेच म्हणा. त्याच मोबाईलवर मधूनमधून आम्हीच दिसायचो, पण ओळखू न येण्यासारखे. 'आजची पिढी कुठे चालली?' असला मथळा, खाली ढणढण संगीत, कॉफी पिणारी दोन पोरं, कट्ट्यावर हसणाऱ्या मुली. हसल्या म्हणून बिघडलेल्या. चौकात बघावं तर पेढेवाली, मोबाईलवर बघावं तर वाया गेलेली. रोज पाठ करून रोज विसरणारी, घरची आठवण आली की बाथरूमचा नळ सोडून रडणारी मुलगी मी कुठंच बघितली नाही. अशा तर होस्टेलमध्ये सगळ्याच होत्या.

आता मूळ गोष्ट.

सकाळी आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. एकीचे केस, एकीचे कपडे, एकीचं मोठ्यानं पाठांतर. तिथं कसली पूजा करणार? मी आंघोळ करून होस्टेलच्या मागच्या ओट्यावर जाऊन बसायचे. कडुनिंबाची सावली, पाठीमागे बुटकी भिंत, पलीकडे गल्ली. त्या दिवशी अंगात मोरपंखी ड्रेस होता, पिवळ्या काठाचा. माझ्या दीक्षेला नेसलेली साडी अव्वानं इतकी वर्षं जपून ठेवली होती, त्याच साडीचा तिनं तो शिवून घेतला होता. डाव्या हातावर लिंग घेतलं, हात वर धरला. भिंतीपलीकडे माणसं बोलत होती, कुणीतरी काहीतरी मोठ्यानं विचारत होतं. मी वर बघितलं नाही. हात हलू दिला नाही.

मग आठवड्याभरात तो व्हिडिओ आला. कुठल्यातरी लोकल चॅनलचा. 'शिकायला की मोबाईल बघायला? लातूरच्या होस्टेलांचं वास्तव!' त्यात मी. पाठीमागून, थोडी बाजूनं. मुलीची ओळख जपायची म्हणून मोठ्या सज्जनपणे तोंडावर धुरकट गोळा टाकलेला. हात तोंडासमोर होता, तो पण त्या गोळ्यात गेला. राहिली मी, वाकलेली मान, वर उचललेला कोपर आणि मोरपंखी ड्रेस. आणि माईकवाल्याचा आवाज, "बघा, आम्ही एवढे जवळ उभे आहोत, हाका मारतोय, तरी ही मुलगी वर बघायला तयार नाही! सकाळी सकाळी ही अवस्था!"

रविवारी रुक्मानं पहिल्यांदा बघितला तेव्हा ती हसलीच. "अगं, ही तर तू! पूजा करून राहिली तू!" मीही हसले. खरंच सांगते, हसले. मला वाटलं, घरचे बघतील आणि तेही हसतील. ज्यांनी मला तसं बसायला शिकवलं त्यांना कळणार नाही तर कुणाला कळणार?

मोंढ्यात काय झालं ते मला अव्वानं नंतर सांगितलं. सौदे चालू असताना एका व्यापाऱ्यानं अप्पांसमोर मोबाईल धरला. "अप्पा, बघा बरं, तुमची थोरली दिसून राहिली की." त्या साडीला आमच्या भावकीत कोण ओळखत नाही? दीक्षेच्या जेवणाला अर्धा मोंढा होता. खाली लोकांनी लिहिलेलं कुणीतरी वाचूनही दाखवलं. 'दोन कानाखाली द्या.' 'आईबाप झोपलेत का?' 'लग्न लावून मोकळे व्हा.' अप्पा गादीवरून उठले, चप्पल घातली आणि सरळ बसस्टँडवर गेले.

होस्टेलच्या दारात ते उभे होते तेव्हा मला आधी आनंद झाला. धावत गेले. ते म्हणाले, "सामान बांध."

"अप्पा, काय झालं?"

"सामान बांध म्हणलो ना."

इतकं हळू बोलताना मी त्यांना पूजेशिवाय कधी ऐकलं नव्हतं. मग मला कळलं. मी म्हणाले, "अप्पा, तो व्हिडिओ? अहो, त्यात माझ्या हातात लिंग होतं. मी पूजेला बसले होते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं अजून माझ्या अंगावर येतं. म्हणाले, "शिवाचं नाव मधात आणू नको. एवढी खाली जाऊ नको."

रुक्मा मध्ये पडली. "न्हाई काका, ती खरं बोलून राहिली. मोबाईल तर मॅडमच्या कपाटात असते." पण पोरी चोरून दुसरा मोबाईल ठेवतात, हेही त्या व्हिडिओतच सांगितलं होतं. ठेवायच्याही काही जणी. रेक्टर मॅडमनी माझा मोबाईल आणून दिला, अप्पांनी तो तिथंच उघडून बघितला आणि त्यात ते फुलाच्या फोटोचं अकाउंट निघालं. संपलं. भाकऱ्यांचे व्हिडिओ त्यांनी बघितले नाहीत. ते अकाउंट कशाला आहे, हेही विचारलं नाही. येताना बसमध्ये ते पुढच्या सीटवर बसले आणि मी मागे, माझ्या गादीच्या वळकटीशेजारी.

घरी मी काय काय केलं! त्या व्हिडिओखाली लिहिलं की ती मी आहे आणि हातात इष्टलिंग होतं. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. आपल्याच माणसांनी लिहिलं, धर्म बदनाम करते, हिला आवरा. मी ते पुसून टाकलं. चॅनलवाल्याला मेसेज केला, मूळ व्हिडिओ द्या म्हणून, तो त्यानं बघून सोडून दिला. एकदा तर मी तोच ड्रेस घालून, आमच्याच अंगणात, तशीच पाठ करून, हात वर धरून बसले. म्हटलं, आता तरी बघतील. अप्पा दुकानाला निघाले होते. चप्पल थांबल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता कोपराला हात लागेल. मग चप्पल पुढं निघून गेली. मी तशीच बसून राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा हात लिंगासकट थरथरला.

परीक्षा दिली मी घरून. दिली म्हणजे जाऊन बसले. निकाल सांगण्यासारखा नाही. डॉक्टरकी गेली ते मी एखादवेळेस विसरेन. पण अप्पांनी एकदा, फक्त एकदा विचारावं, "बाळा, हातात काय होतं?" एवढ्यासाठी माझा जीव तुटतो. ते ओरडले असते, मारलं असतं तरी मी म्हटलं असतं, चला, निदान बोलले तरी.

आता मी नांदेडला आहे. अव्वानं मामाकडे हट्ट धरला आणि बीएस्सीला घातलं. मामाच्या घरी मला वेगळी खोली आहे, मोबाईल चोवीस तास माझ्याजवळ आहे, कुणी कपाटात ठेवत नाही. गंमत बघा, आता तो बघावासा वाटत नाही. अप्पा फी वेळेवर पाठवतात. फोनवर विचारतात, "जेवलीस?" मी म्हणते, "हाव." मग ते अव्वाकडे देतात.

सकाळी मी खिडकी लावते, दार लावते, पडदा ओढते आणि मग पूजेला बसते. तरी पाठीवर कुणीतरी उभं आहे असं वाटत राहतं. मान वर होते. जप सुटतो. परवा उठले आणि पूजेआधीच घटाघटा पाणी प्यायले. ग्लास खाली ठेवल्यावर लक्षात आलं. अव्वाला सांगितलं नाही.

घरी राहिलेल्यांना माझ्याबद्दल काय वाटतं ते मला माहीत आहे. आणि लातूरला असणाऱ्यांनो, तुमच्याबद्दलही रोज कुणीतरी काहीतरी बनवून पाठवत असेल, ते तुमच्या घरी तुमच्या आधी पोचतंय. उदगीरला आमची भिंत, दार, तुळस, सगळं जागेवर आहे. सुट्टीत मी जाते, राहते, भांडी घासते, परत येते. पण घर म्हणजे मला आता ती जागा वाटते जिथं मला कुणीतरी विचारेल. तशी जागा अजून मिळालेली नाही.

काल अव्वाचा व्हिडिओ कॉल आला. तिला कॅमेरा नीट धरता येत नाही, अर्धं छत आणि अर्धी ती. बोलता बोलता मोबाईल फिरला आणि मागे अप्पा दिसले. देवघराच्या उंबऱ्याशी, पाठमोरे, मान किंचित वाकलेली, कोपर वर. मला भरून आलं. म्हटलं, "अव्वा, अप्पा आज उशिरा बसले का गं पूजेला?"

अव्वा आवाज बारीक करून म्हणाली, "पूजा न्हाई गं ती. मोबाईल बघून राहिलेत. तुझा तोच व्हिडिओ. रोज काढतात. बोटानं मोठा करतात, परत मोठा करतात. हातात काय हाय ते दिसना म्हणतात."

अव्वा "हॅलो, हॅलो" करत होती. मग मी ओरडले, अगदी मोंढ्यातल्या आवाजात, मामाच्या घरातले सगळे धावत आले इतक्या मोठ्यानं.

"अप्पा! त्यात दिसणार न्हाई! मला विचारा!"

पडद्यावर त्यांची पाठ हलली. ते वळले की नाही, ते मला दिसलं नाही. अव्वाच्या हातून मोबाईल खाली पडला होता आणि नुसतं छत दिसत होतं. मी मोबाईल कानाला लावून बसले.