बोंडलं जरा जास्त कललं

"आत्या, धावा, चिमी निळी पडली!" मी सासूबाईंना हाक मारली, हातातलं बोंडलं खाली पडलं. त्यांनी लेकराला झटकन मांडीवर पालथं घातलं, पाठ थोपटली. दूध बाहेर आलं, मग चिमी रडली. तिचं रडणं ऐकून मी भिंतीलाच टेकले.

चिमी वेळेआधी झालीय, तिला ओढून पिता येत नाही. बोंडल्यानं, म्हणजे चोचीच्या वाटीनं पाजायचं, एक घोट गिळला की मग दुसरा. उद्या आशाताई वजन करायला येणार, वजन वाढलेलं दिसावं म्हणून मीच घाई केली.

"अगं, लेकरू हाय ते, घागर नव्हं भरायला!" सासूबाई म्हणाल्या.

आता ती निजलीय. दारात तुळशीवर बुडाला भोक पाडलेलं मडकं टांगलंय. एवढ्या उन्हात नुसत्या थेंबाथेंबावर तुळस तरारलीय. परवा मी वरून कळशी ओतली, तर माती वाहून मुळं उघडी पडली. लेकराचंही तसंच असेल. थोडंच, पण रोज, न चुकता.

हे कळतंय हो. पण उद्या काटा हललाच नाही तर? बोंडलं हातात घेतल्यावर तुम्ही काय केलं असतं?