बहिणीच्या गावची डाळमिल

धाकट्या बहिणीच्या बचत गटाला डाळमिल मंजूर झाली तेव्हा, खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखलं. फोनवर "अवो माय, लय चांगलं झालं!" म्हटलं, फोन ठेवला आणि सुनेवर उगाचच ओरडले.

आमच्या भागातल्या सगळ्या गटांमध्ये मिळून सरकारकडून एकच मिल येणार होती. आमची तूर पुलगावच्या व्यापाऱ्याकडे जाते आणि तिचीच डाळ आम्ही दुकानातून पाकिटात आणतो. मिल आली असती तर सावंगीच्या मेसवाल्यांना डाळ देता आली असती. गटातल्या बायकांना निंदण-वेचणीशिवाय दुसरं काही काम मिळालं असतं. मी गटाची अध्यक्ष. अर्ज मीच लिहिला. बहिणीचाही मीच लिहून दिला, कारण कागद पाहिला की तिला घाम फुटतो. मनात म्हटलं, देऊ लिहून, हिला कोण देऊन राह्यलं!

मग साहेब लोक पाहणीला येणार असं कळलं. आमच्याकडे पाहुण्यासमोर घरातलं उणं दाखवत नाहीत. घरात साखर नसली तर शेजारून आणू, पण चहा गोडच देऊ. आम्ही समाजमंदिर सारवलं, शाळेतून खुर्च्या आणल्या, साऱ्या जणी एका रंगाच्या साड्या नेसलो, पुडाच्या वड्या तळल्या. एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण मला सुचलं, की आपल्याला मशीन चालवता येतं हे दिसलं पाहिजे. मामेभावाची छोटी डाळमिल एका दिवसासाठी टेम्पोत घालून आणली. तिला हळदकुंकू लावलं, हार घातला आणि साहेबांसमोर चालवून दाखवली.

साहेब खूश. वडी खाता खाता त्यांनी विचारलं, "मशीन कोणाचं?"

आता चार लोकांत 'मागून आणलं' कसं म्हणायचं? मी म्हटलं, "आमचंच आहे, साहेब."

त्यांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, जमलं काम!

तिथून ते बहिणीच्या गावी गेले. ती ओसरीत जात्यावर तूर भरडत बसली होती. म्हणाली, "मशीन-बिशीन काही नाई साहेब, हे एक जातं आहे, त्याचाबी खुंटा ढिला झाला." वरून बिनदुधाचा चहा दिला. मला ऐकून हसू आलं होतं. पुढे पंचायत समितीत कळलं, आमच्या नावापुढे शेरा होता: गटाकडे यंत्र उपलब्ध. आता रडून काय उपयोग? माझ्याच तोंडानं घात केला, हे गटातल्या बायका मला अजून ऐकवतात.

उद्घाटनाला बहिणीनं मलाच नारळ फोडायला लावलं. "मोठी तू आहे, अर्ज तूच लिहिला," म्हणाली. नवंकोरं मशीन, मागे तिच्या गटाच्या बायका. आणि त्यांची अध्यक्ष, म्हणजे आमची हीच, चक्क जुन्या लुगड्यात! मी देवाला हात जोडले आणि मागितलं काय, तर हे बंद पडू दे. ते पडलं नाही. पहिला घाणा निघाला, तिनं ओंजळभर डाळ माझ्या हातात ठेवली.

"पाह्य बरं ताई, कशी झाली?"

पिवळीधमक, टपोरी. अशी डाळ माझ्या हातून जन्मात निघाली नव्हती.

"साल राह्यलं आहे थोडं," मी म्हटलं.

तिनं मशीन थांबवलं, पाना घेतला आणि पेच आवळला. दुसऱ्या घाण्याला डाळ कमी आणि चुरीच जास्त पडली. टोपलंभर चांगली तूर वाया गेली. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मला धरणी जागा देईना.

"पहिलीच बरी होती, माय," मी खालमानेनं म्हटलं. "साल-बिल काही नव्हतं."

"मलेबी दिसलं होतं," ती म्हणाली. तिनं पेच पुन्हा सैल केला. "पण तू म्हटलं ना."