सरांच्या बोटांतल्या कमांड

नव्वदच्या दशकात माझ्या सरांनी लेटेकमध्ये, म्हणजे गणिताची पुस्तकं छापायच्या त्या संगणकी पद्धतीत, आकृत्या काढायचं एक पॅकेज केलं होतं. पॅकेज झकास, पण कमांडची नावं? केए, केबी, केसी. माहिती लिहिलेली कुठंच नाही. फौजेत राहून आलेले सर, कमी बोलायची खोड नावांतही उतरली होती. विचारलं की म्हणायचे, "माझ्या ध्यानात हाय की."

मग ध्यानातलंच जायला लागलं.

दर रविवारी मी सांगलीहून एसटीनं साताऱ्याला जाऊ लागलो. सर सगळं विसरायच्या आत प्रत्येक कमांड काय काढते, तिला आकडे कोणत्या क्रमानं द्यायचे, हे वदवून घ्यायचं आणि तिला धड नाव द्यायचं. केएचं नाव वर्तुळ ठेवलं, केबीचं कंस. जुनी नावंही चालू ठेवली, नाहीतर जुन्या फायली चालल्या नसत्या.

केएफपाशी गाडी अडली.

"सर, हिला आकडे कसे द्यायचे?"

"मला काय ठावं? कुणी केलंय हे?"

माझं डोकंच फिरलं. "तुम्हीच, सर."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. नजर अंगणात, चेहरा कोरा, आणि बोटं मात्र की-बोर्डवर चालायला लागली. केएफ, मग आकडे, एकामागून एक. मी फाईल चालवली. पडद्यावर शंकू आला, मागची न दिसणारी कड तुटक रेषेत, अगदी बिनचूक. सर दचकले. मागं वळून हळूच म्हणाले, "कोण लिवतंय रं?"

भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. सर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते.

पुढं मी विचारणंच सोडलं. जुनं नाव सरांना वाचून दाखवायचं, त्यांची बोटं काय करतात ते बघायचं आणि लिहायचं. भीती वाटायची, खोटं कशाला सांगू. पण पुस्तिका पुरी झाली.

सरांनी ती शेवटपर्यंत वाचली. "झ्याक लिवलंय. आता कुणालाबी जमंल. पॅकेज करणारा गडी हुशार दिसतोय. ऱ्हातो कुठं?"

तेवढ्यात काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, त्यांच्यापुढं चहा ठेवला.

"बाई, तुमी कशाला तरास घेतला," सर अदबीनं म्हणाले.

काकू मला सोडायला फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "माझ्यावरबी दोन ओळी लिहून दे बाबा. मी कोण, कवापासनं हितं हाय. तू लिहिलेलं त्यांना समजतंय."