कागदाच्या कोपऱ्यातला खुरीस

बुधवारी कुडाळच्या आठवडी बाजारात एक बाई भेटल्या. गेल्याच महिन्यात सरकारी ऑफिसातून रिटायर झाल्यात. नाव आजही लिहीत नाही, सवय लागलीय...

"आता लिही गो, माका कोण काय करतलो?" म्हणाल्या. म्हणून हे लिहितेय.

चार वर्षांपूर्वी मी इथल्या एका साप्ताहिकात नवीन होते. या बाईंनी मला एका अहवालाची झेरॉक्स दिली. दोन गावांचं नळाचं पाणी पिण्याजोगं नाही असं त्यात स्पष्ट लिहिलेलं, आणि वर 'गोपनीय'चा शिक्का. ऑफिसने तो महिनाभर दाबून ठेवला होता, आणि गावातली पोरंबाळं तेच पाणी पीत होती.

मी तर हवेतच. हेडिंग ठोकलं, 'गोपनीय अहवाल फुटला'. खाली अहवालाचा भलामोठा फोटो... पुरावा नको का?

आमचे संपादक तात्या. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, स्क्रीनला नाक लावलं आणि फोटोच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे पेनाची एक बारीक खूण होती, मला वाटलं असेल कोणाची टिक.

"हो खुरीस तिचो. सगळा ऑफिस वळखता. नोकरी घालवतलंस तू तिची."

खुरीस म्हणजे क्रॉस. कागदावर आधी 'श्री' काढतात ना, तसा कुठलाही कागद हातात आला की या बाई कोपऱ्यात खुरीस काढायच्या. इतक्या वर्षांची सवय, त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं. घरात कमावत्या त्या एकट्याच...

तात्यांनी फोटो उडवला. दोन बोटांनी टकटक करत अख्खा अहवाल स्वतः टाईप केला. हेडिंगही बदललं, 'नळाचं पाणी पिऊ नका'.

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या चॅनेलची गाडी दारात. पाण्याचं कोणी विचारेना. कागद फोडला कोणी, तो हिरो की गद्दार, एवढंच. तात्यांनी त्यांना सोलकढी पाजली आणि तासभर फक्त पाण्यावर बोलले. कंटाळून गेले बिचारे. मला त्या चॅनेलवाल्यांचा भयंकर राग आला होता... पण आदल्या दिवशी माझं हेडिंग तरी काय वेगळं होतं?

पुढे टाक्या साफ झाल्या, पाणी पुन्हा तपासलं गेलं. ऑफिसात चौकशीही झाली. बाईंपर्यंत कोणी पोचलं नाही.

तर बुधवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. पिशवीतून एक कागद काढून पत्ता लिहायला घेतला, आणि आधी कोपऱ्यात खुरीस काढला. मग माझ्याकडे बघून खुदकन हसल्या.

त्या चिठ्ठीचा फोटो इथे टाकायला हात शिवशिवतायत, खोटं कशाला बोलू. पण नाही काढला. घडी घालून पर्समध्ये ठेवलीय.

थँक्यू, तात्या.