बारा तासांवरची मुलगी

दादाला अग्नी देऊन आम्ही घरी परतलो, आंघोळी उरकल्या, आणि पाच वाजता त्याची एकुलती एक मुलगी मुक्ता मेलबर्नहून येऊन दारात उतरली. तिने बॅग टाकली, रिकामी खोली पाहिली आणि मला, सख्ख्या काकाला, चाळीस माणसांसमोर अशी कानशिलात लगावली की चष्मा उडून अंगणात पडला. "थांबा म्हनलं होतं ना मी तुमाले!" कोणी मध्ये पडलं नाही. आमच्या घरात मारामारीत मध्ये पडायची पद्धतच नाही.

ती पद्धत दादाची. अकोल्याला तो बस चालवायचा. डोकं गरम, हात त्याहून गरम. मूर्तिजापूरजवळ कट मारणाऱ्या ट्रकवाल्याला त्याने खाली ओढून रक्त येईस्तोवर बदडलं, आणि मग गाडी वेळेवर पोचवली. बाबा गेले तेव्हा मी अमरावतीला नोकरीत होतो. सकाळी निरोप आला, पण बढतीच्या कागदावर साहेबांची सही घ्यायची म्हणून मी दुपारी निघालो. स्मशानात पोचलो तर चिता विझत आलेली. "दोन घंट्याचा रस्ता हाये. तुले सहा घंटे काहून लागले बे?" एवढंच विचारून त्याने तिरडीतून उरलेला बांबू उचलला. माझं खांद्याचं हाड मोडलं. पुढे तीन आठवडे त्यानेच मला आंघोळ घातली, स्वतःच्या हाताने भरवलं... बाबांचं तोंड मात्र मला दिसलं नाही. ते मी त्याला कधी माफ केलं नाही.

मुक्ता परदेशी निघाली तेव्हा त्याने ड्रायव्हरसारखेच प्रश्न विचारले.

"दिल्लीवरून किती किलोमीटर?"

"दहा हजार, बाबा."

"अन् टाइम?"

"बारा तास."

तो एकदम खूश. "म्हंजे पुन्याएवढंच झालं की!" पुण्याच्या गाडीला बाराच तास लागायचे. भेटेल त्याला तो हेच सांगायचा. तिकीट मिळायला लागणारा वेळ, दिल्लीहून नागपूर, तिथून अकोला, हे त्याने कधी धरलंच नाही.

त्यामुळे तो गेला तेव्हा सगळ्यांच्या तोंडी बारा तासच होते. वहिनी आधीच गेलेल्या, म्हणून निर्णय माझ्याकडे. थंड पेटी भाड्याने आणली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी कुजबुज सुरू झाली, "दीड दिवस होत आला, पोरगी काहून नाही आली?" मी म्हणालो, "तिचं विमान चुकलं. आता परवाच येईल." लोकांना पटलं. तिरडी उचलली.

तेरवीनंतर निघताना मुक्ता माझ्या पाया पडली. गडबडीत काकांना चुकीचं कळलं, असं तिने धरून घेतलं होतं. "माहा हात उठला, काका. मले माफ करा." मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "जाऊ दे बेटा."

हे मी दादाच्या खोलीत बसून लिहितो आहे. खुंटीवर त्याचा खाकी शर्ट आहे आणि त्याला अजून डिझेलचा वास येतो. मुक्ता, ज्या पेपरात हे छापून येईल, त्याची रविवारची पुरवणी तू तिकडे फोनवर वाचतेस. विमान चुकल्याचं मला कोणीही सांगितलेलं नव्हतं. दिल्लीला उतरून तू फोन केलास, पाचपर्यंत पोचते म्हणालीस, ते मी नीट ऐकलं होतं. तिरडी उचलली तेव्हा दीड वाजला होता. साडेतीन तास सहज थांबता आलं असतं. दादाचं तोंड तुला दिसू नये असं मला वाटलं, म्हणून मी थांबलो नाही.

तू मागितलेली माफी परत घे.