निळ्या दोऱ्याची पिपेट

‘पांढरं तं सगळ्याइचंच येते. जरा थांब.’

डावा डोळा मिटून, टेस्ट ट्यूब खिडकीच्या उजेडात धरून ते हे वाक्य म्हणत. पोरगा धावत आलेला असे, चेहऱ्यावर गड जिंकल्याचा भाव. नळीत पांढरा साका पडला, म्हणजे हे क्लोराइडच, अशी त्याची खात्री झालेली. ते नळी हातात घेत, मान जराशी तिरपी करत आणि त्याला थांबवत. ‘खाली बसू दे त्याले. मंग अमोनिया टाक, विरघळते का पाय. नाव मंग घे.’ पोरगा मुकाट्याने थांबे. मी तेच सांगितलं असतं तर थांबला नसता. हे मला तेव्हाही कळत होतं आणि आज लिहितानाही ते सुखाने लिहवत नाही.

ते आमच्या यवतमाळच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते, आणि मी त्यांचा वरिष्ठ. साठ-एकसष्टचा सुमार. मी नागपूरहून एम.एस्सी.चा पहिला वर्ग घेऊन नुकताच आलो होतो. वय चोवीस. आमचा विभाग म्हणजे मी, ते आणि बाटल्या धुणारा एक शिपाई. या तिघांत मी प्रमुख होतो, आणि प्रमुख असल्याची जाणीव मला सकाळी दाढी करतानासुद्धा असे.

ते माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. मारेगावकडच्या एका खेड्यातले. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर. सात वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, मग नोकरी सोडून अमरावतीला पोरांच्या बाकावर बसून बी.एस्सी. केलं. त्या मास्तरकीमुळे सगळे त्यांना गुरुजी म्हणत. पोरं मला सर म्हणत आणि त्यांना गुरुजी. तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. मला पहिल्याच महिन्यात वाटलं. मी स्वतः त्यांना कधी गुरुजी म्हटलं नाही, ‘अहो’वर भागवलं.

पहिल्या वर्षाच्या सायन्सच्या वर्गाला मी रसायन शिकवत असे, अर्थातच इंग्रजीतून. समोर घाटंजी, मारेगाव, उमरखेड, कुठकुठली पोरं. मॅट्रिकपर्यंत सगळं मराठीत शिकलेली. मी बोलत असे आणि ती मान खाली घालून लिहून घेत असत. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. तिला मी माझा प्रभाव समजत होतो.

एका दुपारी तराजूच्या खोलीत मी वजनांची पेटी लावत बसलो होतो. दार अर्धवट उघडं होतं. पलीकडे प्रयोगशाळेत पोरांचा घोळका गुरुजींभोवती जमला होता. त्यातल्या एकाने विचारलं, ‘गुरुजी, हे इक्विव्हॅलंट वेट म्हंजे काय भानगड हाय? सरनं सांगतलं, पन डोक्यावरून गेलं.’

‘सरांनी सांगतलं ते एकदम बरोबर हाय,’ गुरुजी म्हणाले. ‘आपन फक्त ते घरी नेऊन पाहू.’

हे ‘घरी नेऊन पाहू’ त्यांचं नेहमीचं. ते पुढे म्हणाले, ‘तुह्या घरी बैल-डवरा हाय, त्याच्या घरी नाही. तू त्याच्या वावरात एक दिवस डवरा हाकला, तं त्याच्या घरचे तुह्याकडे निंदाले किती दिवस येतेत?’

‘तीन दिवस.’

‘डवऱ्याचं वजन केलं का कोनी? निंदनारीचं केलं का?’

पोरं हसली.

‘मंग? जड कोन, हलकं कोन, ते नाही पाहाचं. कोनाचं काम कोनाच्या कामाले पुरते, ते पाहाचं. चाळीस ग्रॅम कॉस्टिक सोड्याले हायड्रोक्लोरिक साडेछत्तीस पुरते. झालं तुमचं इक्विव्हॅलंट. आता सल्फ्युरिक पाहा. ते एकटं नाही, बैलजोडी हाय. दोन हायड्रोजन, दोन बैल. जोडीचं वजन अठ्ठ्यान्नव, तं एका बैलाचं किती?’

‘एकोनपन्नास!’ सगळी एकदम ओरडली.

मी तराजूपाशी बसून राहिलो. चाळीस मिनिटं फळाभर लिहून मला जे जमलं नव्हतं, ते त्यांनी हात पुसता पुसता करून टाकलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, पोरं माझीच होती. पण खरं सांगतो, माझ्या पोटात दुखलं. त्यातही ‘सरांनी सांगतलं ते एकदम बरोबर हाय’ हे वाक्य जास्त झोंबलं. त्यांनी मला नावं ठेवली असती तर निदान रागवायला कारण मिळालं असतं.

आता माझा मूर्खपणाही सांगून टाकतो. पुढच्या वर्षी नवी तुकडी आली तेव्हा मी ठरवलं, हा दृष्टांत आपणच द्यायचा, गुरुजींच्या आधी. आरशासमोर उभं राहून दोनदा म्हणून पाहिला. माझा जन्म नागपुरातला. डवरा मी रस्त्याने जाताना बैलगाडीत उलटा घातलेला काय तो पाहिला होता. वर्गात मी मोठ्या ऐटीत मराठीवर आलो आणि म्हणालो, ‘समजा, एका दिवसाच्या निंदणाला तीन दिवसांचा डवरा.’

तेवढ्यात मागच्या बाकावरून घाटंजीचा एक लांबुडका पोरगा उभा राहिला. अगदी आदबीने म्हणाला, ‘सर, निंदनाले एवढा भाव कोन्या गावात हाय? आमच्या मायले पाठवतो.’

त्या दिवशी वर्ग पहिल्यांदा हसला. मी पुन्हा इंग्रजीत शिरलो. दुपारी प्रयोगशाळेत गुरुजींच्या कानावर ते गेलंच असणार, पण त्यांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही.

पिपेटची गोष्टही याच सुमाराची. पिपेट म्हणजे ठरावीक माप घ्यायची काचेची नळी. तेव्हा ती तोंडानेच ओढायची, द्रावण खुणेपर्यंत आलं की वर बोट दाबायचं. मी माझ्यापुरती एक वेगळी ठेवली होती, वरच्या टोकाला लाल दोरा बांधून. कोणी विचारलं असतं तर स्वच्छता म्हणालो असतो. कोणी विचारलं नाही. आठ दिवसांनी पाहतो तर स्टँडवर तिच्या शेजारी आणखी एक, निळ्या दोऱ्याची.

‘ही कोणाची?’

‘माही, सर,’ गुरुजी म्हणाले. ‘तुमची लाल, माही निळी. कोनाचं उष्टं कायले घ्या?’

आणि हसले. मीही हसलो, पण कान तापले होते. तुम्ही म्हणाल, मग हा हेवा कसला, ही तर जात बोलत होती. असेल. नव्हतीच, असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण हेवा होता हे नक्की, कारण हातसुद्धा मला त्यांचेच हवे होते. ब्युरेटच्या तोटीतून शेवटचा थेंब ते असा सोडत की फ्लास्कमधलं पाणी जेमतेम गुलाबी होई आणि तिथेच थांबे. माझं कायम जांभळट व्हायचं. मग मी एक थेंब कमी लिहायचा, आणि त्यांच्या नजरेला नजर द्यायची नाही.

अडीच वर्षं अशी गेली. आणि मग ते पत्र आलं.

आमच्या संस्थेने ठरवलं की एका डेमॉन्स्ट्रेटरला एम.एस्सी.साठी नागपूरला पाठवायचं. दोन वर्षांची रजा, अर्धा पगार, परत आल्यावर लेक्चररची जागा. अट एकच, वय पस्तिसाच्या आत हवं. गुरुजींना चौतीस सरत होतं. पुढच्या साली ही संधी आली असती तरी त्यांच्या कामाची नव्हती. त्यांनी अर्ज केला. विभागप्रमुखाचा अभिप्राय जोडायचा होता, आणि विभागप्रमुख मी होतो.

अर्ज माझ्या टेबलावर ठेवताना ते म्हणाले, ‘सर, एवढं झालं तं पोट्ट्याइले मी वर्गातच घेऊन बसीन. मंग तुमाले तराजूच्या खोलीत बसा लागनार नाही.’

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी दाराआड बसतो, हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. त्यांनी ते गमतीने म्हटलं होतं, पण मला तेवढं पुरलं.

मी पत्र लिहिलं. त्यांच्याविरुद्ध एक अक्षर लिहिलं नाही. उलट इतकं कौतुक मी आयुष्यात कोणाचं केलं नसेल. त्यांचा हात, त्यांचा धीर, विद्यार्थ्यांचं त्यांच्यावरचं प्रेम, सगळं लिहिलं, आणि प्रत्येक शब्द खरा होता. शेवटी एवढंच लिहिलं की हे गृहस्थ प्रयोगशाळेला इंडिस्पेन्सेबल आहेत, त्यांच्यावाचून दोन वर्षं पहिल्या वर्षाचा वर्ग चालणं अवघड आहे. सही केली, तारीख घातली. मी काय करतो आहे हे मला पुरतं कळत होतं.

रजा भौतिकशास्त्राच्या डेमॉन्स्ट्रेटरला मिळाली. प्रिन्सिपॉलांनी माझं पत्र स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं, गुरुजींना वाईट वाटू नये म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आणि इतकं करूनही टाळ्या त्यांनाच मिळाल्या, हे माझ्या मनात आल्यावाचून राहिलं नाही. इतका मी कोता होतो.

ते प्रयोगशाळेत आले, हात धुतले, पंच्याने पुसले. म्हणाले, ‘सर, माह्याबद्दल एवढं चांगलं आजवर कोनी लिहलं नव्हतं.’

मी त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधला, टोमणा शोधला. काही सापडलं नाही. ते ब्युरेटी भरायला लागले, कारण दोन वाजता पोरं येणार होती. त्या दिवशी फक्त एक झालं. एक पोरगा नळी घेऊन धावत आला, पांढरं आलं म्हणाला, आणि गुरुजींनी नळी हातात न घेताच मान हलवली. पोरगा थांबून राहिला. मग आपणच गेला.

त्यानंतर चार महिने मी त्यांना सांगायचं ठरवत होतो. सकाळी ठरवायचं आणि दुपारी ते समोर आले की विषय बदलायचा. लाज वाटत होती, पण हेवाही जागेवरून हलला नव्हता. दोन्ही एकत्र नांदत होती.

उन्हाळ्यात त्यांनीच विषय काढला. उमरखेडला नवं हायस्कूल निघालं होतं, तिथे विज्ञानाचा शिक्षक हवा होता. मी टेबलाशी बसलो होतो. ते उभेच राहिले. मी बसा म्हटलं, तरी उभे.

‘सर, एक पत्र पाह्यजे होतं,’ ते म्हणाले. मग जरा थांबले. ‘पन या खेपी एवढं चांगलं नका लिहू.’

आवाज चढला नाही. डोळ्यांत हसू होतं, तेही अर्धंच. मी काही तरी म्हणायला तोंड उघडलं. ते म्हणाले, ‘राहू द्या सर. बसलं ते आता खाली.’

मी चार ओळी लिहिल्या. यांना काम येतं. यांना जाऊ द्यावं. त्यांनी कागद वाचला, घडी केली, खिशात घातला. ‘हे बरं हाय,’ म्हणाले. ‘हे घरी नेता येते.’

जूनमध्ये ते गेले. निळ्या दोऱ्याची पिपेट स्टँडवरच राहिली. माझी लाल दोऱ्याची त्याच पावसाळ्यात शिपायाच्या हातून फुटली, आणि मी निळी वापरायला लागलो. दोरा सोडला नाही. नवा डेमॉन्स्ट्रेटर हुशार होता, वेळेवर येई आणि वेळेवर जाई. पोरं त्याच्याभोवती जमत नसत. माझ्याभोवतीही नाही.

तुम्हाला वाटेल, माणूस गेला म्हणजे हेवा संपला. मलाही तसंच वाटलं होतं. पण दोन-तीन वर्षांनी उमरखेडची पोरं आमच्या पहिल्या वर्षाला येऊ लागली. नळीत पांढरा साका आला की ती धावत यायची नाहीत. जागेवरच उभी राहून, डावा डोळा मिटून, नळी खिडकीकडे धरायची आणि वाट पाहायची. एकाला मी विचारलं, ‘अरे, काय करून राह्यला?’

‘बसू देऊन राह्यलो, सर,’ तो म्हणाला.

मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले आणि घरी येऊन बायकोवर विनाकारण चिडलो.

आणखी तीन-चार वर्षांनंतरची गोष्ट. यवतमाळच्या बसस्टँडवर एक उंच, सुटाबुटातला तरुण माझ्या पाया पडला. घाटंजीचाच, आईला निंदायला पाठवणारा. आता शेतकी खात्यात अधिकारी होता. त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘गुरुजी कुठं असतेत, सर?’ मी उमरखेड म्हटलं. त्याने तिथे कोणती गाडी जाते ते विचारलं, किती वाजता ते विचारलं, गुरुजींची तब्येत कशी आहे ते विचारलं. माझी तब्येत विचारायची राहून गेली.

मग त्याला शेजारी उभ्या बायकोची आठवण झाली. नवीनच लग्न झालेलं. त्याने तिला पुढे बोलावलं.

‘हे आमचे सर,’ तो तिला म्हणाला. ‘कॉलेजात आमच्या गुरुजीच्या हाताखाली होते.’

तिने पदर सावरून नमस्कार केला आणि विचारलं, ‘हो का? खूप वर्षं होते का तुम्ही?’

‘नाही हो,’ मी म्हटलं. ‘तीनच वर्षं मिळाली.’