सूनबाईनं मला चूक म्हणावं म्हणून

इंग्रजी मी शाळेत शिकले नाही. बियाण्याच्या पिशव्या, औषधाच्या डब्या, कारंज्याच्या हायवेवरच्या पाट्या, यांवरूनच अक्षरं जुळवत गेले. वाचता येतं, पण सारख्या तोंडवळ्याचे दोन शब्द समोर आले की माझी गाडी अडते.

आता झालं असं, माझ्या सुनेला वर्ध्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी हवी होती. बी.एड. झालं, मग लेकरू झालं, मधली वर्षं घरातच गेली. शाळेनं एक धडा शिकवून दाखवायला बोलावलं. विषय हाच, सारखे दिसणारे शब्द. "हे हुकलं तर पुन्हा अर्ज करायची माझी हिंमत नाही होणार, आई," ती म्हणाली. सरावाला विद्यार्थी पाहिजे, म्हणून दुपारी मीच बसले.

तिनं स्वयंपाकघराच्या दारावर खडूनं लिहिलं, डेझर्ट आणि डिझर्ट. एक वाळवंट, दुसरं जेवणानंतरचं गोड. मी ठासून उलटंच सांगितलं.

"तसंही चालतं, आई."

बंगईवर झोके घेत आमचे हे म्हणाले, "ओ सूनबाई, ही तं पाहुण्याले वाटीत रेती वाढून राह्यली, अन् तू चालते म्हणतं?"

ती हसली, पण चूक म्हणेना. आमच्याकडे सून सासूला चूक म्हणत नाही, दुसरीच वाट काढते. मला मात्र धास्ती बसली.

"अवं, पोराईलेही असंच सांगशीन का?"

"मुलांना सांगीन की. तुम्हाला कसं सांगू?"

"तोंडाले सवय नको का? म्हण मले, चुकलं."

ओढणीचं टोक पिळत ती दाराकडे तोंड करून पुटपुटली, "चुकलं."

"मले सांगून राह्यली का दाराले?"

तेव्हा वळली. "चुकलं, आई. परत वाचा. पाहुणा एका पुरणपोळीवर उठतो का? म्हणून गोडाला दोन एस."

मग काय, संध्याकाळपर्यंत तिनं मला सोडलं नाही. खोटं कशाला सांगू, एकदोनदा मनाला लागलंही. पण मीच मागून घेतलेलं, बोलू कोणाला?

धड्याच्या दिवशी ती सकाळच्या एस.टी.नं गेली, दिवेलागणीला आली. मी पाणी दिलं.

"पहिल्याच मुलीनं चुकीचं सांगितलं, आई. आणि इतकी खुशीत उभी होती! जीव थोडा थोडा झाला माझा."

"मंग?"

"सांगितलं तिला. तिनं परत वाचलं, आणि बरोबर आलं."

"अन् शाळावाले काय म्हणले?"

"सोमवारपासून या म्हणाले. पाचवीचा वर्ग आहे."

यांनी बंगई थांबवली. मी आधी ताट वाढलं. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. दोन घास खाऊन तिनं माझ्याकडे पाहिलं.

"भाजीत मीठ कमी आहे, आई."

मी मिठाची बरणी तिच्यापुढे सरकवली.